चावी कुणाकडे? सायफरपंकांच्या एका जुन्या भांडणाची गोष्ट

ग्रुपच्या ॲडमिनने एखाद्याचा मेसेज उडवला की आपल्याकडे ताबडतोब दोन तट पडतात. एक म्हणतो, ही हुकूमशाही आहे, अभिव्यक्ती स्वातंत्र्याची गळचेपी आहे. दुसरा म्हणतो, ग्रुप त्याने काढलाय, त्याची मर्जी. पटत नसेल तर बाहेर पडा. आठवडाभर तावातावाने भांडण चालते, पाच-दहा जण ‘लेफ्ट’ होतात, नवा ग्रुप निघतो आणि चार महिन्यांनी तिथेही पुन्हा तेच. आमचे म्हणणे असे की दोन्ही तट चुकतात. आणि ही चूक करणारे आपण पहिले नाही. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत, संगणकाच्या जगातल्या अत्यंत बुद्धिमान म्हणवणाऱ्या लोकांनी नेमकी हीच चूक केली, आणि तीही खासगीपणावर चर्चा करणाऱ्या त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या जागेवर. ती हकिकत आपल्या तरुणांनी वाचावी म्हणून हा लेखप्रपंच.

आत्ताच का, तेही सांगतो. आमचा एक लहानसा अभ्यासगट आहे. फोन, आधार, चेहरा ओळखणारे कॅमेरे, पोलिसांनी मोबाईल मागितला तर काय करायचे, अशा विषयांवर आम्ही बोलतो. सुरुवातीला हे सगळे एका मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपमध्ये चालायचे. लिंक मिळेल तो आत यायचा. ‘चळवळ सर्वांसाठी खुली असली पाहिजे’ असे म्हणून आम्हीच ती लिंक वाटत होतो. एके दिवशी कुणीतरी ‘जिज्ञासू’ आला, दोन दिवस गप्प बसला आणि सभासदांची यादी नंबरांसकट घेऊन गेला. मुलींना रात्री-बेरात्री फोन येऊ लागले. एका मुलाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट त्याच्या ऑफिसात पोहोचले. त्याने ऑफिसात आपली जात सांगितली नव्हती. सांगायची की नाही, कधी सांगायची, कुणाला सांगायची, हा त्याचा प्रश्न होता. तो निर्णय त्याच्या हातून गेला, आणि तो घालवणारे आम्ही होतो. खासगीपणावर चर्चा करणाऱ्या गटाने आपल्याच माणसाचा खासगीपणा वाऱ्यावर सोडला. तेव्हापासून आमच्यात एकच चर्चा चालू आहे: आता बसायचे कुठे?

‘खासगीपणा हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत’ असे आपल्यातलेच काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांना आम्ही आदरपूर्वक दोन गोष्टी आठवून देतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचे तर परवानगी घ्यावी लागे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तर माणसे तारेच्या कुंपणाआड राहिली. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. खासगीपणा नसणे म्हणजे काय, हे या देशात कुणाला पुस्तकातून शिकावे लागले आणि कुणाला अंगावरच्या वळांतून, याचा विचार करा. दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. मार्च १९४७ मध्ये त्यांनी मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन ठेवले. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची विनाकारण झडती-जप्ती होऊ नये, हा हक्क त्यात स्पष्ट मांडलेला आहे. उपसमितीच्या पुढच्या टप्प्यांत तो गळाला. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत तीच दुरुस्ती पुन्हा आणली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. हे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण कायदेमंडळाला ते बदलता येऊ नये म्हणून संविधानात असलेले बरे, असा त्यांचा मुद्दा होता. सभागृहात गोंधळ झाला, मतदान पुढे ढकलले गेले आणि शेवटी ती दुरुस्ती फेटाळली गेली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावी लागली. तेव्हा हा विषय परका नाही. आता मूळ हकिकतीकडे येऊ.

सप्टेंबर १९९२. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे ओकलंडला, एरिक ह्यूज या गणितज्ञाच्या घरी वीसेक लोक जमले. इंटेल कंपनीतून चांगले शेअर गाठीशी बांधून ऐन पस्तिशीत निवृत्त झालेला टिम मे, सन मायक्रोसिस्टिम्सच्या अगदी पहिल्या नोकरदारांपैकी एक असलेला जॉन गिलमोर, असे ते लोक. त्यांच्या वर्तुळातल्या ज्यूड मिलहॉन या बाईने त्यांना गमतीने ‘सायफरपंक’ म्हटले आणि तेच नाव पडले. थोड्याच दिवसांत त्यांनी एक मेलिंग लिस्ट सुरू केली: एका पत्त्यावर ईमेल पाठवला की तो सर्व सभासदांना जातो, इतकी साधी व्यवस्था. ती चालायची गिलमोरच्या मालकीच्या ‘टोड डॉट कॉम’ या यंत्रावर. हा तपशील लक्षात ठेवा.

काळ तापलेला होता. फिल झिमरमन नावाच्या प्रोग्रॅमरने १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हे सॉफ्टवेअर फुकट वाटले होते. सामान्य माणसालाही आपला ईमेल अशा कुलपात घालता येऊ लागला की सरकारलाही तो सहजासहजी उघडता येऊ नये. अमेरिकेच्या कायद्यात असे सॉफ्टवेअर दारूगोळ्याच्या यादीत मोडायचे. ते परवान्याशिवाय देशाबाहेर गेले म्हणून झिमरमनमागे १९९३ पासून तीन वर्षे फौजदारी चौकशी चालली आणि १९९६ च्या जानेवारीत खटला न भरताच गुंडाळली गेली. एप्रिल १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने ‘क्लिपर चिप’ जाहीर केली: फोनला कुलूप लावा, पण एक जादा किल्ली सरकारजवळ राहील. या दोन्ही प्रश्नांवर सर्वांत धारदार चर्चा झाली ती सायफरपंकांच्या यादीवर. गणित, कायदा, राजकारण, प्रत्यक्ष चालणारे प्रोग्रॅम असे सगळे तिथे एकाच टोपलीत असे. मॅट ब्लेझ या संशोधकाने १९९४ मध्ये क्लिपरमधली खोट दाखवली आणि पुढे ती योजना बारगळली. सभासदसंख्या १९९४ मध्ये सातशेच्या आसपास होती, १९९७ पर्यंत दोन हजारांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. दोन हजार माणसे आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य सरकारला घाम. आमच्यासारख्यांना हेवा वाटावा अशीच ही गोष्ट.

मात्र या घराला नियम नव्हते. नियम नसणे हाच नियम, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा होती. श्रद्धा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. गिलमोरचा इतिहास तर फारच बोलका. यूजनेटवर ‘आल्ट’ नावाचा विभाग १९८७ मध्ये सुरू करणाऱ्यांत तो होता, जिथे कुणाच्याही परवानगीशिवाय नवा चर्चागट काढता येई. १९९० मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या डिजिटल हक्कांच्या संस्थेचा तो सहसंस्थापक झाला. इंटरनेट सेन्सॉरशिपला बिघाड समजते आणि वळसा घालून पुढे जाते, हे जगभर उद्धृत होणारे वाक्यही त्याचेच. अशा माणसाच्या यंत्रावर भरणाऱ्या बैठकीत ‘गप्प बस’ कोण म्हणणार?

सायफरपंकांच्या भांडणाआधी शेजारचे एक उदाहरण पाहू, कारण ते आमच्या फुटलेल्या यादीशी थेट जुळते. फिनलंडमध्ये योहान हेलसिंगियुस नावाचा गृहस्थ ‘पेनेट’ नावाची सेवा चालवत असे. तुम्ही त्याच्या यंत्राला ईमेल पाठवायचा, ते तुमचे नाव काढून टोपणनाव लावायचे आणि पुढे पाठवायचे. लाखो लोकांनी ती वापरली. माणूस सज्जन, हेतू शुद्ध. पण खरे नाव आणि टोपणनाव यांची जोडी लावणारी वही त्याच्या यंत्रात होती. १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजीने तक्रार केली, फिनलंडचे पोलीस दारात आले आणि एका वापरकर्त्याचे नाव त्याला द्यावे लागले. सगळी वही जप्त होऊ नये म्हणून त्याने एक नाव दिले, असे म्हणायला जागा आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये त्याने ती सेवाच बंद केली. सायफरपंकांनी यातून तांत्रिक धडा घेतला. त्यांनी निरोप एकामागून एक अनेक यंत्रांतून जाईल आणि पूर्ण जोडी कुणा एकाकडे राहणार नाही, अशी व्यवस्था आधीच उभी केली होती, ती आणखी पक्की केली. वही एकाच्या हातात नको, हे त्यांना निरोपांच्या बाबतीत पुरते कळले होते. आपली बैठकच एकाच्या यंत्रावर भरते, हे मात्र नजरेआड राहिले.

१९९६ च्या शरद ऋतूत ते नजरेसमोर आले. एक सभासद यादीवर सतत शिवीगाळ करू लागला. टिम मे आणि इतर काही जणांवर रोजच्या रोज गलिच्छ हल्ले, त्याला उत्तरे, उत्तरांना उत्तरे. कामाचे ईमेल त्या राड्यात दिसेनासे झाले. शेवटी गिलमोरने त्या माणसाला यादीतून काढले. काढून उपयोग किती? यादीवर बाहेरचा, निनावी माणूसही लिहू शकत होता. पण यादीवर आग भडकली ती वेगळ्या कारणाने. ‘सेन्सॉरशिपविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या गिलमोरने सेन्सॉरशिप केली!’ विरुद्ध बाजू म्हणाली, ‘यंत्र त्याचे, वीज त्याची, घरमालकाला पाहुणा हाकलायचा अधिकार आहेच.’ ओळखीचे वाटते ना? आमच्या ग्रुपमधले दोन तट, फक्त इंग्रजीत.

दोन्ही बाजूंना एक गोष्ट सुचली नाही. नियम आधी लिहिलेला नव्हता. कुठली वागणूक चालेल, तक्रार कुणी ऐकायची, शिक्षा किती दिवसांची, अपील कुणाकडे, यातले काहीही नव्हते. होते फक्त एका भल्या माणसाचे मन. भला माणूस वैतागेपर्यंत सगळे मुक्त, आणि तो वैतागला की तोच न्यायाधीश, तोच अंमलदार. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की राजकारणातली भक्ती ही अधोगतीकडे जाणारी वाट आहे, आणि माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये, हा मिलचा इशाराही दिला होता. आपण हे जयंतीच्या भाषणात म्हणतो. ग्रुपच्या ॲडमिनच्या बाबतीत विसरतो.

जानेवारी १९९७ मध्ये गिलमोरने आणि सँडी सँडफोर्ट या सभासदाने महिनाभराचा प्रयोग जाहीर केला. सँडफोर्टने सगळे ईमेल वाचायचे. चांगले ते मुख्य यादीवर, शिवीगाळ असेल ते दुसऱ्या यादीवर, आणि ज्याला सगळेच हवे त्याच्यासाठी तिसरी, न चाळलेली यादी. कागदावर योजना वाईट नव्हती. काहीही नष्ट होत नव्हते, फक्त वेगळे ठेवले जात होते. पण दोन ठिकाणी ती फसली. एक म्हणजे, आधीच्या सगळ्या सभासदांना न विचारता चाळलेल्या यादीवर ठेवले गेले; मूळ धारा हवी तर प्रत्येकाने स्वतः मागून घ्यायची. संमती कुणाची? मौनाची! दुसरी गोष्ट अधिक गंभीर. सँडफोर्ट ज्या कंपनीत काम करत होता, तिच्याच सॉफ्टवेअरवर आरोप करणारा मजकूर यादीकडे आला. आरोप खरा की खोडसाळ, तो मुद्दा बाजूला ठेवा, खोडसाळच असावा. पण तो चाळलेल्या यादीवरही गेला नाही आणि नाकारलेल्यांच्या यादीवरही नाही. बदनामीच्या दाव्याची भीती, असे कारण पुढे आले. म्हणजे ‘काहीही दडवले जाणार नाही’ हे वचन मोडले, आणि मोडले कुठे? जिथे चाळणाऱ्याचे स्वतःचे पोट गुंतले होते तिथे. वादी-प्रतिवादी आपला नातलग असेल तर न्यायाधीशाने खटल्यातून बाजूला व्हायचे असते, हे तालुक्याच्या कोर्टातला शिपाईही सांगेल. इथे बाजूला व्हायला दुसरा माणूसच नेमलेला नव्हता.

टिम मे निषेध म्हणून यादी सोडून गेला. फेब्रुवारीत गिलमोरने हात झटकले: यापुढे ही यादी माझ्या यंत्रावर राहणार नाही. त्याच महिन्यात टोड डॉट कॉमवरचे साडेचार वर्षांचे ते घर बंद झाले. ज्या सभेला अमेरिकी सरकारला हलवता आले नाही, ती एका शिवराळ माणसाने आणि एका थकलेल्या घरमालकाने मिळून बेघर केली.

यानंतरची वाटचाल आमच्या दृष्टीने सर्वांत शिकण्याजोगी, कारण घर दोन प्रकारांनी पुन्हा बांधले गेले.

पहिला प्रकार जिम चोएट आणि इगोर चुडोव यांचा. त्यांनी एका यंत्राऐवजी अनेक स्वतंत्र यंत्रांची साखळी केली. कुठल्याही एका ठिकाणी पाठवलेला ईमेल सगळीकडे जायचा आणि प्रत्येक ठिकाणचा चालक आपल्या वाचकांसाठी हवी ती चाळणी लावायचा किंवा लावायचा नाही. मालक एक नाही, त्यामुळे एकाने दार लावले तरी घर बंद होत नाही. तंत्र म्हणून हे देखणे होते. ऐन भरात त्या साखळीत किमान सात यंत्रे होती. २००५ च्या मध्यापर्यंत एकच उरले. कचरा साफ करायचे काम कुणाचेच नव्हते म्हणून ते कुणीच केले नाही आणि कामाची माणसे हळूहळू उठून गेली, असा आमचा या घसरणीचा अर्थ आहे.

कामाची माणसे गेली कुठे, त्याचे एक ठळक उत्तर म्हणजे दुसरा प्रकार. पेरी मेट्झगर या जुन्या सायफरपंकाने ‘क्रिप्टोग्राफी’ नावाची वेगळी यादी काढली होती. तिथे विषय ठरलेला होता, प्रत्येक ईमेल तपासून पुढे जाई, शिवीगाळ आणि विषयांतर दारातच थांबे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या कुणीतरी बिटकॉइनचा आराखडा प्रथम जाहीर केला तो या यादीवर, सायफरपंकांच्या उरलेल्या मुक्त यादीवर नव्हे. बिटकॉइनने पुढे काय दिवे लावले हा निराळा विषय. आमचे त्याबद्दलचे मत फारसे चांगले नाही. पण जगातला कमालीचा लपून राहिलेला माणूससुद्धा बोलायला गेला तो चाळणी असलेल्या घरात. निनावी असणे आणि नियम असणे यांत वैर नाही, हे सिद्ध करायला यापेक्षा मोठा दाखला आम्हाला तरी ठाऊक नाही. याहून जुना दाखलाही आहे: संगणकाच्या धोक्यांवरचे ‘रिस्क्स डायजेस्ट’ पीटर न्यूमन यांनी १९८५ मध्ये सुरू केले, पहिल्या दिवसापासून संपादित, आणि ते दशकानुदशके टिकले.

‘नियम नको’ म्हणणाऱ्या घरात कोण सुखाने राहते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. सायफरपंकांत स्त्रिया मोजक्याच होत्या, काळी माणसे त्याहून कमी. टिम मेच्या काही लिखाणात वर्णद्वेष उघड दिसतो. शिवीगाळ सगळ्यांना सारखी लागत नाही. ज्याच्या पाठीशी पैसा, वर्ण आणि पुरुषपण आहे, तो तिला ‘तिखट चर्चा’ म्हणतो. जिला रस्त्यावर, ऑफिसात आणि घरीही तेच ऐकावे लागते, ती एक शब्द न बोलता निघून जाते. तिच्या जाण्याची नोंद कुठल्याच सेन्सॉरशिपच्या हिशेबात येत नाही. मुक्त घरानेही माणसे गप्प केली. फक्त ती कुणी केली हे दिसले नाही.

घराच्या मालकीचा प्रश्न नियमांनी सुटत नाही, हे पुढे फ्रीनोडने दाखवले. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे ते मोठे चर्चा-जाळे. स्वयंसेवक चालवत, आचारसंहिता होती, व्यवस्था नीट होती. २०१७ मध्ये त्याच्या नावाची कंपनी अँड्र्यू ली या उद्योजकाच्या हाती गेली; हा माणूस खासगीपणा विकणाऱ्या एका व्हीपीएन कंपनीचा संस्थापक, हे विशेष. स्वयंसेवकांना वाटत होते की कंपनी नावापुरती आहे, जाळे आपले आहे. मे २०२१ मध्ये त्यांना कळले की तसे नव्हते. त्यांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि १९ मे रोजी ‘लिबेरा चॅट’ हे नवे जाळे सुरू केले, या वेळी स्वीडनमध्ये ना-नफा संघटना म्हणून नोंदवून. ज्या चर्चागटांनी आपल्या फलकावर ‘आम्ही लिबेरावर गेलो’ असे लिहिले, त्यांतले शेकडो गट फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने ताब्यात घेतले. नाव कुणाच्या कागदावर आहे ते आधी बघा. रिपब्लिकन गटांची संख्या मोजत म्हातारे झालेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी हे किती आधी ओळखले होते पहा. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवून, कार्यकारिणी नेमून. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा, याही नोंदवलेल्या संस्था. त्या काळी त्यांच्या एका शब्दावर लोक जीव द्यायला तयार होते. तरीही संस्था त्यांनी शब्दावर ठेवल्या नाहीत, कागदावर ठेवल्या.

आता आपल्या जवळचा प्रसंग. नोव्हेंबर २०१९ आठवा. आधी सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले होते; नाझी सलामी न देणाऱ्या एकट्या माणसाचा प्रसिद्ध फोटो लावला हे एक निमित्त. मग दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले. (त्यांच्या पुढच्या वाटचालीबद्दल इथे बोलत नाही.) ‘निळी खूण कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही’ हा प्रश्न बहुजन तरुणांनी उभा केला आणि ट्विटरच्या जातीयतेवर हॅशटॅगची लाटच उठली. त्या दिवसांत हजारो भारतीय ‘मास्टोडॉन’वर गेले. जर्मनीतल्या ऑयगन रोख्को याने २०१६ मध्ये सुरू केलेले हे जाळे म्हणजे एक घर नव्हे, वसाहत आहे: अनेक सर्व्हर, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, तरी एकमेकांशी बोलता येते. आमच्यातलेही काही गेले. बरेच जण थोड्याच दिवसांत परतले, कारण माणसे तिकडे नव्हती. शिवाय अनेकांना तिथे गेल्यावर कळले की तिथले खासगी निरोप कुलूपबंद नसतात, सर्व्हरच्या चालकाला ते वाचता येतात. ट्विटरच्या मालकावर विश्वास नाही म्हणून गेलो, आणि ज्याचे नावही ठाऊक नाही अशा चालकावर डोळे झाकून विश्वास टाकला.

तरी त्या वसाहतीत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. त्याच वर्षी मास्टोडॉनने एक करारनामा केला: आमच्या यादीत यायचे असेल तर सर्व्हरने वर्णद्वेष, लिंगभेद यांविरुद्ध सक्रिय देखरेख ठेवावी, रोज माहितीची प्रत काढावी, चालकाखेरीज किमान आणखी एकाकडे चावी असावी, आणि बंद करायचे झाल्यास सभासदांना तीन महिने आधी सांगावे. टोड डॉट कॉमवरच्या यादीला यातले शेवटचे कलम असते तरी किती त्रास वाचला असता! दुसरी गोष्ट मास्टोडॉनच्या मुख्य सर्व्हरच्या नियमावलीत आहे. काय चालणार नाही त्याच्या यादीत वर्णद्वेष, स्त्रीद्वेष वगैरेंच्या पंक्तीत जातीयता हा शब्द लिहिलेला आहे. जर्मनीतून चालणाऱ्या सर्व्हरवर. आपल्या गावातल्या किती ग्रुपांच्या वर्णनात तो शब्द आहे, एकदा उघडून बघा. शब्द लिहिला म्हणून अंमलबजावणी होते असे नाही, हे ॲट्रॉसिटी कायद्याचा अनुभव असलेल्यांना कुणी शिकवायची गरज नाही. पण शब्दच नसेल तर तक्रार कशाच्या आधारे करायची?

तर आमच्या गटापुढे आता तीन जागा आहेत. एक, आहे त्याच ॲपवर राहायचे, लिंक बंद करायची आणि ओळखीशिवाय कुणाला घ्यायचे नाही. सोपे आहे, पण नंबर तरीही सगळ्यांना दिसतात. दोन, ‘सिग्नल’वर जायचे, जिथे २०२४ पासून फोन नंबर लपवून वापरनावाने बोलता येते. निरोप कुलूपबंद राहतील. जुनी चर्चा नव्या माणसाला वाचता येणार नाही, हा तोटा. अभ्यासगटासाठी तो लहान नाही. तीन, स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर चर्चेची जागा उभी करायची. त्याला दरमहा पैसा लागतो, सांभाळणारा माणूस लागतो, आणि सभासदांची वही आपल्याजवळ येते, म्हणजे उद्या पोलीस आले तर ती आपल्याकडेच मागतील. पेनेटचा हेलसिंगियुस रोज आठवतो तो यासाठी.

जागा कुठलीही ठरो, मसुदा आधी लिहायचा असे ठरवून आम्ही दोन रविवार त्यावर बसलो. देखरेख करणारे तिघे, त्यांतली किमान एक स्त्री, मुदत सहा महिन्यांची. कुणाला काढायचे तर तिघांपैकी दोघांची सही आणि कारण लेखी. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा मित्र, नातलग किंवा सहकारी असलेल्याने त्या प्रकरणातून बाजूला व्हायचे; हे कलम सँडफोर्टमुळे आले. काढलेला मजकूर महिनाभर वेगळा ठेवायचा आणि कुणाही सभासदाला तो मागून बघता यायला हवा, मात्र त्यात कुणाचा पत्ता, नंबर किंवा जात उघड केली असेल तर तो तत्काळ कायमचा पुसायचा. चावी दोघांकडे, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या. सभासदांची खरी नावे कुठेही नोंदवायची नाहीत.

या शेवटच्या कलमावर गाडी अडली आहे. खरे नाव नोंदवले नाही तर उद्या पुन्हा एखादा ‘जिज्ञासू’ टोपणनावाने आत येईल, तेव्हा त्याला ओळखणार कसे, असा रास्त सवाल एका ताईने केला. रात्रीचे फोन तिला आले होते. आणि ज्या मुलाचे स्क्रीनशॉट ऑफिसात गेले, तो म्हणतो, नाव कुठेही लिहावे लागणार असेल तर मी येत नाही. ओळखीच्या दोघांनी हमी द्यायची, नाव त्यांच्या डोक्यात राहील, कागदावर नाही, अशी मधली वाट कुणीतरी सुचवली आहे. येत्या रविवारी त्यावर मतदान आहे. दोघेही येणार आहेत.